अभ्यासिकेच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र: आमची रविवारची खोली परत द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

"क्रिप्टोशी संबंधित कोणताही उपक्रम यापुढे संस्थेच्या जागेत घेता येणार नाही." सूचनाफलकावर लागलेल्या या एका ओळीनं आमच्या अभ्यासगटाची रविवारची खोली गेली. त्याआधी आम्हाला कोणी बोलावलं नाही, काय शिकता म्हणून विचारलं नाही. आम्ही लेखी अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. भेटायला गेलो तर "समितीत ठरलंय" एवढंच कानावर आलं. त्यामुळे आता हे उघड लिहिते आहे.

संस्थेचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. मी तिथली वर्गणी भरणारी सभासद आहे, पुढेही राहणार आहे आणि संस्थेची नाचक्की व्हावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय अशी सूचना उद्या दुसऱ्या अभ्यासिकेत, एखाद्या कॉलेजात, एखाद्या मंडळाच्या सभागृहातही लागू शकते. या शहरात ज्यांच्याकडे रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या आहेत, त्या सगळ्यांपर्यंत हे पोचावं असं वाटतं.

आम्ही त्या खोलीत काय करत होतो ते आधी सांगते, कारण समितीतलं कोणी एकदाही आत येऊन बसलेलं नाही.

बिटकॉइन, इथेरियम अशी क्रिप्टो, म्हणजे फक्त संगणकावर असणारी चलनं ज्या प्रोग्रामांवर चालतात, ते प्रोग्राम कसे लिहितात हे आम्ही शिकतो. फी नाही, ठरलेले सर नाहीत. आठवड्याचा भाग आधी जाहीर होतो आणि तो प्रत्येकानं घरून वाचून यायचा. रविवारी चिठ्ठी निघते. जिचं नाव येईल तिनं फळ्यापाशी उभं राहून तो भाग समजावायचा, बाकीच्यांनी शंका काढायच्या. कुठे अडलं तर सगळ्यांनी मिळून डोकं लावायचं, तरीही सुटलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा तोच भाग. हे क्षेत्रच अशा मोकळ्या अभ्यासावर वाढलेलं आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावानं कोणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा एक लेख सगळ्यांसाठी खुला केला. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पहिला गठ्ठा, तयार झाला. तेव्हापासून बिटकॉइनच्या प्रोग्रामची ओळ न् ओळ कोणालाही वाचता येते, उतरवून घेता येते, बदल सुचवता येतो. सुचवलेले बदल एकत्र वाचून त्यांवर चर्चा करणारा एक क्लब २०१९ मध्ये सुरू झाला. तिथे अगदी नवखा माणूसही प्रश्न विचारू शकतो. जगातली नावाजलेली मंडळी जे फुकट वाटतात, ते नाशिकमध्ये बसून मराठीत समजून घ्यायचं, एवढाच आमचा उद्योग.

आमच्या फळ्यावर काय असतं? एका रविवारचं सांगते. आम्ही १७ या संख्येचं एक छोटं जग मांडलं होतं. त्यात १७ झाले की पुन्हा शून्यापासून मोजायचं. बिटकॉइनमध्ये व्यवहारावर डिजिटल सही करण्यासाठी जी वक्ररेषा वापरतात तिचं समीकरण नववीतल्या मुलालाही वाचता येईल: य चा वर्ग बरोबर क्ष चा घन अधिक ७. आता क्ष ला १ धरा. उजवीकडे ८ आले. १७ च्या जगात कोणाचा वर्ग ८ येतो? पाचाचा. पाच पंचे पंचवीस, त्यातून सतरा गेले, उरले आठ. म्हणजे (१, ५) हा बिंदू त्या वक्रावर बसतो. मग असे बाकीचे बिंदू शोधायचे, त्यांची एकमेकांत बेरीज कशी करतात ते शिकायचं, एकाच बिंदूत तोच बिंदू पुन्हा पुन्हा मिळवत जायचं. खऱ्या बिटकॉइनमध्ये १७ च्या जागी ७८ अंकी मूळ संख्या असते. बेरीज करत पुढे जाणं संगणकाला सोपं असतं, पण शेवटचा बिंदू पाहून किती वेळा बेरीज केली हे उलटं शोधून काढणं त्याला झेपत नाही. सहीची सगळी सुरक्षितता या एका अडचणीवर उभी आहे. त्या दिवशी दिंडोरीहून एसटीनं येणाऱ्या मुलाला हे फळ्यावर उमगलं, तेव्हा त्यानं खडू खाली ठेवायला नकार दिला आणि सगळे बिंदू स्वतः काढले.

असंच 'नाशिक' हा शब्द एसएचए-२५६ या, कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या गणितातून काढला, मग 'नासिक' काढला. एक अक्षर बदललं आणि ६४ चिन्हांचा ठसा पार वेगळा आला. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा असाच ठसा असतो; त्यामुळे ब्लॉकच्या साखळीत, म्हणजे ब्लॉकचेनमध्ये, मागची नोंद गुपचूप का बदलता येत नाही, हे त्यावर आपोआप कळलं.

या सगळ्यात एकही रुपया इकडचा तिकडे होत नाही, हे ठळकपणे सांगते, कारण समितीचा सगळा संशय इथेच असावा. आम्ही प्रोग्राम चालवतो तो 'रेजटेस्ट' नावाच्या प्रकारात. त्यात आख्खी साखळी आपल्याच लॅपटॉपवर असते, इंटरनेटही लागत नाही, हुकूम दिला की ब्लॉक तयार होतो आणि त्यातल्या नाण्यांना बाजारात काडीची किंमत नसते. पुढे 'सिग्नेट' नावाचं सामायिक जाळं वापरतो, तेही सरावासाठीच बनवलेलं आहे. आमच्या वर्गाचा नियम पहिल्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असायचा: भाव विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, कोणाला काही विकायचं नाही. आपल्या शिपाईमामांना विचारा, तेच फळा पुसताना ती ओळ राखून ठेवत.

गटात कोण आहे? सातपूरच्या कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं) मशिन चालवणारा एक जण, मुक्त विद्यापीठातून बीसीए करणाऱ्या दोन मुली, पंचवटीतले गणिताचे एक शिक्षक, तो दिंडोरीचा मुलगा, मी, आणि नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका. काकांबद्दल थोडं जास्त लिहिते. नोटा छापणारा कारखाना आपल्या शहरात १९२८ पासून आहे. काकांचं आयुष्य शाई, कागद आणि मोजणीत गेलं. वाया गेलेला कागदसुद्धा हिशेबात धरावा लागतो, ही त्यांची शिस्त. एखादी नोट खरी कशावरून, हे त्यांना बोटांनी कळतं. आम्ही 'दुबार खर्च कसा रोखायचा' या भागाला आलो तेव्हा त्यांनी विचारलेले प्रश्न सातोशींच्या लेखातल्या मुद्द्यांवर नेमके बोट ठेवणारे होते: कागद नाही, मग तीच नोट दोघांना दिली तर पकडणार कोण? हिशेब सगळ्यांकडे असेल तर भांडण झाल्यावर कोणाची वही खरी? एकविशीतल्या मुली आणि हे काका एकाच बाकावर बसून यावर वाद घालत होते. अशी बैठक आपल्या अभ्यासिकेत होत होती याचा समितीला अभिमान वाटायला हवा होता.

आता माझं स्वतःचं. मी डिप्लोमा झालेली. लग्न, बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण यांत मधली वर्षं गेली. अंबडच्या एका कंपनीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम मिळालं, पण ते एंट्री करण्यापलीकडे जाईना. नवं शिकायचं तर क्लासची फी हजारोंनी आणि वेळा पोरांच्या शाळेच्या आड येणाऱ्या. या गटानं मला पुन्हा प्रोग्राम लिहायला शिकवलं. आज मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत व्यवहाराची नोंद बाइट न् बाइट उलगडून वाचू शकते. याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही, पण कामावर माझ्याकडे येणारं काम त्यामुळे बदललं.

आणि दुसरं कारण घरातलं. माझ्या मामांनी जमीन विकून आलेले पैसे दामदुप्पट करून देणाऱ्या एका योजनेत घातले. ते परत आले नाहीत. मामांना कोणी प्रश्न विचारायला शिकवलं नव्हतं. व्यासपीठावरचा माणूस टाय लावून बोलत होता आणि सभागृह भरलेलं होतं, एवढं त्यांना पुरलं. त्यामुळे समितीला वाटणारी भीती मला परकी नाही. ती माझ्या घरात राहून गेलेली आहे. नाशिककरांना केबीसी या गुंतवणूक कंपनीचं प्रकरण वेगळं सांगायला नको. २०१४ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा या शहरातली, आसपासच्या खेड्यांतली कितीतरी घरं रडली. पण जरा आठवून पाहा: केबीसीत ना ब्लॉकचेन होती, ना प्रोग्राम, ना कसलं गणित. जास्त परताव्याचं आमिष आणि ओळखीच्या माणसाचा शब्द, एवढ्यावर ते चाललं. नंतर गेनबिटकॉइन ही योजना आली, पुण्यात त्याचे गुन्हे नोंदले गेले. दरमहा १० टक्के, असे १८ महिने, ही त्यांची बोली होती. बिटकॉइनचं नाव होतं खरं, पण आमिष जुनंच.

ज्याला माहीत आहे की नवी नाणी (ती मिळवण्याच्या कामाला मायनिंग म्हणतात) साधारण दहा मिनिटांनी एका ब्लॉकमागे येतात, दर २ लाख १० हजार ब्लॉकनंतर ती निम्मी होतात, एप्रिल २०२४ पासून ती ब्लॉकमागे ३.१२५ वर आलेली आहेत आणि एकूण आकडा २ कोटी १० लाखांच्या पलीकडे जाणार नाही, तो माणूस 'मायनिंगमधून दरमहा ठरलेले १० टक्के' हे ऐकल्याबरोबर उभा राहून विचारील, कुठून? आमच्या गटातल्या कोणालाही आता असल्या सभेत गप्प बसवता येणार नाही. मामांच्या शेजारी त्या दिवशी असा एक जण बसलेला असता तर!

म्हणूनच माझी सगळ्यात मोठी तक्रार ही. आमची खोली काढून घेतल्यानंतर आपल्याच सभागृहात 'क्रिप्टो ट्रेडिंगमधून घरबसल्या उत्पन्न' या विषयावर सशुल्क कार्यक्रम झाला. भाडं भरलं होतं, पावती फाडली गेली, सूचना कोणाला आठवली नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. दोन तासांत सही कशी होते, साखळी कशी जोडली जाते, सही करायची गुप्त किल्ली हरवली तर काय होतं, यांतला एक शब्द निघाला नाही. शेवटी एका ग्रुपमध्ये सामील होण्यासाठी क्यूआर कोड दाखवला आणि लोकांनी रांग लावून तो स्कॅन केला. त्यात माझ्या ओळखीच्या दोन आजी होत्या. समितीचे सभासद सज्जन आहेत, त्यांनी हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. पण परिणाम असा झाला की फुकट शिकणाऱ्यांना दार बंद झालं आणि विकणाऱ्यांना उघडं राहिलं. ज्या धोक्यापासून सभासदांना वाचवायचं म्हणून सूचना लावली, तो धोका भाडं भरून आत आला.

"कायद्यानं बंदी आहे ना?" असं एका सभासदांनी मला जिन्यात विचारलं. त्यांनी विचारलं याचा आनंद आहे, कारण बाकी कोणी तेवढंही केलं नाही. उत्तर असं: रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना अशा व्यवसायांना सेवा देण्यास मनाई केली होती. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापायला सुरुवात झाली आणि मार्च २०२३ मध्ये हे व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. रुपयासारखी ही अधिकृत चलनं नाहीत, त्यांत जोखीम मोठी आहे, हे सगळं खरं. पण ती कशी बनतात याचा अभ्यास करायला या देशात कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. याउलट गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम सरकारी कार्यालयानंच हाती घेतलं. रिझर्व्ह बँकेनं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये किरकोळ वापराच्या ई-रुपयाची चाचणी सुरू केली. आणि सहीचं जे गणित आम्ही फळ्यावर मांडतो, त्याच्याच कुळातली एक वक्ररेषा समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे निरोप रोज सुरक्षित ठेवते.

हे शिकलेली माणसं कमी असण्याची किंमत आपण मोजतो आहोतच. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून, सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली. ज्या पाकिटातून ती गेली ते उघडायला एकापेक्षा जास्त सह्या लागत होत्या, तरीही गेली. त्याच्या आधी जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या 'द डाओ' या सामायिक निधीतून ३६ लाख ईथर (इथेरियमची नाणी) निघून गेले, कारण तिथला करार, म्हणजे पैसे सांभाळणारा प्रोग्राम, पैसे आधी देत होता आणि शिल्लक नंतर कमी करत होता. मधल्या फटीत कोणीतरी पुन्हा पुन्हा पैसे मागितले. खुद्द बिटकॉइनमध्ये १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये १८४ अब्ज नाणी निर्माण झाली होती. मर्यादा २ कोटी १० लाखांची आणि आली १८४ अब्ज! दोन प्रचंड रकमांची बेरीज संगणकाच्या मापात मावली नाही, उलटी फिरून ऋण झाली आणि तपासणीतून सुटली. लोकांनी प्रोग्राम वाचला, चूक शोधली, काही तासांत दुरुस्ती आली. ती दुरुस्ती खुल्या वाचनातून आली. हा भाग आमच्या गटात शिक्षकांनी घेतला होता. बेरीज करताना आधी मर्यादा तपासायची, हे त्यानंतर सीएनसीवाल्या मुलानं स्वतःच्या कारखान्यातल्या प्रोग्रामातही करून टाकलं.

समितीनं आणखी एक उत्तर तोंडी दिलं: "सगळं यूट्यूबवर आहे, घरी बसून शिका." ज्यांना घरी बसायला जागा आहे त्यांच्यासाठी हे ठीक. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असतात, टीव्ही चालू असतो, आणि मुलगी लॅपटॉप उघडून बसली की तिला हाक मारायची कारणं सगळ्यांना सुचतात. बीसीए करणाऱ्या त्या दोघींना घरून परवानगी मिळाली होती ती 'अभ्यासिकेत जाते' या शब्दावर. अभ्यासिका हा शब्द नाशिकमधल्या आईवडिलांना कळतो, त्यावर त्यांचा विश्वास आहे. खोली गेल्यावर आम्ही एका उद्यानात बसून पाहिलं, तिथे वीज नाही. चहाच्या टपरीवर बसलो, तिथे फळा नाही आणि मालकाचं गिऱ्हाईक अडतं. आता शिक्षकांच्या घराच्या गच्चीवर जमतो. त्या दोघींच्या घरच्यांनी कोणाच्या तरी गच्चीवर पाठवायला नकार दिला. मी त्यांच्या आयांना भेटून आले, त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आपल्या एका ओळीच्या सूचनेनं गटातल्या दोन अतिशय हुशार मुली बाहेर गेल्या. आम्ही कसंही करून शिकू. त्यांचं काय, याचं उत्तर समितीनं द्यावं.

व्हिडिओला थांबवून शंका विचारता येत नाही, हेही आहेच. प्रोग्राम चालत नाही तेव्हा शेजारचा स्क्रीनकडे बघून म्हणतो, "अगं, हे बाइट उलट्या क्रमानं वाचायचे असतात." तेवढ्या एका वाक्यासाठी एकटं माणूस आठवडा घालवतं आणि बहुतेक जण त्या आठवड्यातच सोडून देतात.

नाशिकला हे नवं नाही. सार्वजनिक वाचनालय या शहरात १८४० पासून आहे. (हे पत्र त्या संस्थेला नाही, गैरसमज नको.) देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ द. रा. कापरेकर शिकवत होते. कुठलाही चार अंकी आकडा हाती घ्यावा, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत जावं, आणि सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ यावं, हे त्यांनी दाखवलं. आज ती संख्या जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते. एका शाळामास्तरांनी केवळ संख्यांच्या प्रेमापोटी हे केलं. 'याचा उपयोग काय, यात काही भानगड तर नाही ना' असं विचारून त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं तर आपलंच नुकसान झालं असतं. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०१५ च्या कुंभमेळ्याच्या वेळचा कुंभथॉन आठवा. अमेरिकेतल्या एमआयटीतले रमेश रासकर मूळ नाशिकचे. त्यांच्या पुढाकारानं इथली तरुण मुलं गर्दी, आरोग्य, वाहतूक अशा प्रश्नांवर गट करून बसली. आता पुन्हा कुंभ आहे, पुन्हा तंत्रज्ञानाच्या घोषणा होतील. त्या घोषणा पुऱ्या करणारी माणसं अशाच रविवारच्या खोल्यांतून येतात.

समितीपुढे आमच्या मागण्या या आहेत.

फलकावरची सूचना मागे घ्या आणि तिच्या जागी स्पष्ट नियम लावा: संस्थेच्या जागेत कोणत्याही गुंतवणुकीची विक्री, जाहिरात, परताव्याचं आश्वासन किंवा सभासद जोडण्याची योजना चालणार नाही. हा नियम भाडं भरणाऱ्यालाही लागू असावा, आम्हालाही. विषयाच्या नावावरून कोणाला बाहेर काढू नका, तो तिथे काय करतो त्यावरून ठरवा.

रविवारची सकाळची वेळ आणि तीच खोली आम्हाला परत द्या. फळा, दोन प्लग आणि पंखा एवढं पुरतं. वाय-फाय नसलं तरी चालेल. विजेचा खर्च द्यावा लागणार असेल तर आम्ही वर्गणी काढून देऊ, पावती द्या.

त्या सशुल्क कार्यक्रमाला परवानगी कशी दिली गेली, हे सभासदांना सांगा. तिथे ज्यांनी पैसे भरले असतील त्यांच्यासाठी फलकावर सावधानतेची सूचना लावा. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. हे काम आमच्या खोलीपेक्षाही आधी करा, थांबू नका.

यापुढे कुठल्याही अभ्यासगटाची जागा काढून घेण्याआधी त्याला समितीपुढे बोलू द्या आणि निर्णय कारणासहित लेखी द्या.

आमच्या बाजूनं आम्ही हजेरीची वही ठेवू, आठवड्याचा भाग आणि वापरलेलं साहित्य आधी फलकावर लावू, समितीतलं कोणीही न सांगता येऊन बसू शकेल. महिन्यातला एक रविवार सर्व सभासदांसाठी मोकळा ठेवू. त्यात फसव्या योजना कशा ओळखायच्या, ओटीपी आणि किल्ली कोणाला का द्यायची नाही, हे साध्या मराठीत सांगू. प्रेसमधले काका खोट्या नोटा ओळखायलाही शिकवणार आहेत. हे सगळं विनामूल्य.

समितीच्या येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा आणि आम्हाला दहा मिनिटं द्यावीत. मी आणि काका येऊ. निर्णय काहीही झाला तरी तो लेखी कळवावा. त्या दोन मुलींची सत्र परीक्षा जवळ आली आहे, त्यानंतर घरचे त्यांच्या नोकरीचं आणि लग्नाचं बघायला लागतील. म्हणून उत्तराची घाई आहे.

आपली विश्वासू,
रविवारच्या अभ्यासगटातली एक सभासद
नाशिक